पुरीच्या टेबलावर भाकरी

आजकाल लोक गाड्या काढून शहराबाहेर जातात, खाटेवर मांडी घालून चुलीवरची भाकरी खातात आणि खाण्याआधी तिचा फोटो काढतात. मला हसू येतं. नाशकात रविवार कारंज्याजवळच्या एका बोळातल्या हॉटेलच्या फळ्यावर ‘भाकरी’ हा शब्द खडूनं लिहिला गेला, तेव्हा केवढा गहजब झाला होता ते मी स्वतः पाहिलंय. त्या गहजबात सगळ्यात कमी बोलणारा आणि सगळ्यात जास्त दुखावलेला माणूस आमच्या घरातला होता. माझे वडील. मी त्यांना दादा म्हणायचे.

दादा सरकारी कचेरीत कारकून होते. आम्ही द्वारका चौकाच्या अलीकडच्या वसाहतीत राहायचो, दोन खोल्या आणि मागं मोरी. घरात माणसं तीन, दादा, आई आणि मी. महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही तिघं त्या हॉटेलात पुरीभाजी खायला जायचो. पाऊस असो, पाहुणे असोत, माझी परीक्षा असो, हा नेम मोडला नाही. दादा दुपारीच पितळी इस्त्रीत कोळसे घालून पांढरा शर्ट कडक करायचे, चपलांना पॉलिश करायचे. चपलांना पॉलिश करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आई म्हणायची, “पुरी काय तुमच्या पायाकडं बघणारे का?” दादा म्हणायचे, “बघू दे की.”

हॉटेल म्हणजे काय, दहाएक टेबलं, भिंतीला हिरवा ऑइलपेंट, एक आरसा, आणि गल्ल्यामागं मालक. शेठ दिसायला रागीट. बोलायचे तेही रागावल्यासारखे. पण त्यांच्या हॉटेलात कुणाला काही मागावं लागायचं नाही. गिऱ्हाईक दारात दिसलं की शेठ आत हाक मारायचे, “पंख्याखाली तीन पुरी!” आणि आम्ही बसेपर्यंत बशा यायच्या. फळ्यावर सतरा पदार्थ लिहिलेले होते, पण तो फळा कुणी वाचत नसे. नेहमीच्या लोकांसाठी तो भिंतीचाच भाग होता.

पुरी अशी फुगलेली यायची की बटाट्याची भाजी तिच्यामागं लपायची. दादा पहिल्या पुरीच्या मधोमध बोट टेकवायचे. वाफ फुस्सकन निघायची. मग ते आईकडं बघून हसायचे, दर वेळी, जणू ही करामत त्यांचीच. आईचा आनंद वेगळा होता. महिन्यातून एकदा दुसरं कुणीतरी तिला वाढत होतं. ती अगदी ताठ बसायची, एक पुरी पुरवून पुरवून खायची आणि शेवटी बोटं बशीला पुसायची. घरी परतताना बसमध्ये ती पुढच्या रविवारबद्दल बोलायला लागलेली असायची.

दादा त्याच पंख्याखालच्या टेबलावर का बसायचे, याची गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगून झाली होती की मला ती पाठ होती. नोकरी लागून ते सिन्नरकडच्या आपल्या खेड्यातून नाशकात आले, त्या पहिल्याच आठवड्यातली. त्यांच्या गावाकडच्या चहाच्या दुकानात आमच्या लोकांसाठी कानतुटका कप बाहेर खिडकीत उपडा ठेवलेला असायचा. आपणच उचलायचा, चहा वरून ओतून घ्यायचा, आपणच विसळून ठेवायचा. शहरात काय रीत असेल ते दादांना ठाऊक नव्हतं. भूक तर लागली होती. म्हणून त्यांनी त्या हॉटेलच्या दारातच उभं राहून आपली जात सांगून टाकली. मागाहून कुणी उठवायला नको म्हणून आधीच. शेठनी त्यांच्याकडं पाहिलं आणि आपल्या त्या रागीट आवाजात म्हणाले, “मी विचारलं का? पंखा चालू आहे तिथं बसा.” आणि आत हाक मारली, “पंख्याखाली एक पुरी!” तेव्हापासून दादांची जागा ती. सगळ्यांची तीच बशी, तोच पेला, तीच पुरी. दादा गोष्ट संपवताना म्हणायचे, “इतकंच. दुसरं काही नाही.”

आता आमच्या घरातल्या एका कायद्याबद्दल सांगायला हवं. आमच्या घरी भाकरी होत नसे. पोळी, भात, फार तर धिरडं. वसाहतीतल्या सगळ्या घरांतून संध्याकाळी भाकरी थापल्याचा आवाज यायचा, फक्त आमच्या घरातून नाही. दादांनी लग्नातच आईला सांगितलं होतं, माझ्या घरात भाकरी दिसता कामा नये. कारण विचारायची सोय नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, मिळायला लागला, सगळं नाशिक मिलोच्या भाकऱ्या खाऊन कुरकुरत होतं, तेव्हाही दादा कुठून कुठून गहू शोधून आणत होते आणि गहू नसेल तेव्हा नुसत्या डाळीवर झोपत होते.

आई मात्र निफाडच्या बाजूची, बाजरीवर वाढलेली. तिला पोळीनं पोट भरल्यासारखं वाटेच ना. मग दादा कचेरीत गेले की दुपारी आमचं गुपित राज्य सुरू व्हायचं. शेजारणीकडून परातभर पीठ यायचं, आई दणादण भाकऱ्या थापायची, मी ठेचा वाटायची. जेवण झालं की खिडक्या उघडायच्या, तवा घासून जागेवर, उरलेली भाकरी शेजारणीकडं आणि आम्ही दोघी साळसूदासारख्या शिवणकाम घेऊन बसलेल्या. दहा वर्षं आम्ही हे केलं. दादांना ताकास तूर लागू दिली नाही, असं आम्हाला वाटायचं.

मी डी.एड. होऊन महापालिकेच्या शाळेत शिकवायला लागले, त्या सुमारास हॉटेलात घडी विस्कटली. पुऱ्या तळणारा म्हातारा आचारी गुडघ्यांनी थकून गावी गेला. काही दिवस शेठ स्वतः कढईपुढं उभे राहिले आणि एका सकाळी छातीत कळ येऊन खालीच बसले. डॉक्टरांनी कढई बंद केली. मुलगा सातपूरच्या कारखान्यात कामाला लागलेला, त्याला हॉटेलात रस नव्हता. राहिली सून. ती सटाण्याकडची, अहिराणी बोलणारी, अंगानं बारीक आणि कामाला वाघीण. तिनं सासऱ्याला सांगितलं म्हणे, “माले पुऱ्या जमतस नही. जे माले येस तेच मी करस.” आणि तिला जे येत होतं ते तिनं फळ्यावर लिहायला लावलं. शेवभाजी, वांग्याचं भरीत, पिठलं, ठेचा, बाजरीची भाकरी. पुरीभाजी पुसली गेली.

पण मी म्हटलं ना, फळा कुणी वाचत नसे. त्यामुळं त्या पहिल्या रविवारी सगळी नेहमीची मंडळी आपापल्या जागी बसून आपापल्या नेहमीच्या पदार्थाची वाट बघत होती आणि समोर आली काळ्या मसाल्याच्या तर्रीची वाटी आणि भाकरी.

काय एकेकाचे चेहरे! आरशाखाली एक निवृत्त गुरुजी बसायचे. त्यांनी भाकरी दोन बोटांनी उचलली, उलटी केली, सुलटी केली, जणू हिच्या पोटात पुरी असेल. मग म्हणाले, “हे तर घरी मिळतं. मी घरून पळून इथं येतो.” त्यांच्या पलीकडं निफाडचा एक द्राक्षबागाईतदार होता. बाजाराला यायचा तेव्हा हमखास पुरी खाऊन जायचा. त्यानं आपल्या पिशवीतनं फडक्यात बांधलेलं गाठोडं काढून टेबलावर ठेवलं आणि मोठ्यानं हसला. “आवो शेठ, ही बघा, बायकूनं बांधून दिलेली हाय. पुरी खायची म्हनून मी ही संध्याकाळी बैलाला घालतो. आता काय तुमची खाऊ अन् हिला परत नेऊ?” सगळे हसले. एका बाईनं नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, “महिनाभर भाकऱ्या बडवायच्या आणि एक दिवस बाहेर यायचं तर तिथंही भाकरीच. त्यापेक्षा घरीच मेले असते.” मला तिचं म्हणणं शंभर टक्के पटलं. मी तेव्हा पुरीच्या पक्षाची होते. मनातून मला त्या सुनेचा रागच आला होता. आल्या आल्या सगळ्यांच्या तोंडचा घास बदलायची काय घाई?

हसण्याखिदळण्यात दादांकडं माझं लक्ष गेलं ते उशिराच. त्यांनी बशीला हात लावलेला नव्हता. ते भाकरीकडं बघत होते आणि त्यांचा चेहरा मी कधी न पाहिलेला होता. लहान मुलाला सगळ्यांसमोर उभं केल्यावर होतो तसा. त्यांनी खिशातून पैसे काढून टेबलावर ठेवले, उठले आणि चालायला लागले. शेठ गल्ल्यावरून अर्धे उठले, “भाऊसाहेब, अहो भाऊसाहेब…” दादा थांबले नाहीत. आई माझ्याकडं बघत राहिली. तिच्या ताटातली शेवभाजीवरची शेव अजून कुरकुरीत होती.

घरी आल्यावर दादा इस्त्रीच्या शर्टासकट ओट्यावर बसून राहिले. मी शेजारी जाऊन बसले. मी काही विचारलं नव्हतं. तेच बोलायला लागले, आणि राग किंवा दुःख झालं की त्यांच्या बोलण्यात गाव यायचं तसं ते आलं.

“माझ्या बापाकडं गावकीच्या कामाची पाळी असायची. दिस मावळला की मी घोंगडीची खोळ खांद्याला लावून त्याच्यासंगं घरोघर जायचो. दारात उभं राहून ओरडायचं, भाकरी वाढा माय. वरनं टाकायच्या. कुणाची बाजरीची, कुणाची ज्वारीची, कुणाची कालची, कुणाची परवाची. आमच्या घरात भाकर कधी एका रंगाची नव्हती बघ. अन् ऊन तर कधीच नव्हती. उरलेले तुकडे आई छपरावर वाळवायची, पावसाळ्यात पाण्यात शिजवायची. धम्म घेतला तेव्हा आमच्या वस्तीनं मिळून ते काम सोडलं. मी त्या दिवशी ठरवलं, आता भाकरी मागायची नाय, अन् खायची बी नाय.”

शेवटी म्हणाले, “पुरीचं काय एवढं. पुरी कुठं बी मिळंल. ती जागा नाय मिळायची.”

मला तेव्हा कळलं की प्रश्न खाण्याचा नव्हताच. शहरात ज्या एका टेबलावर दादा पहिल्यांदा माणसासारखे बसले, ते टेबल त्यांच्या हातून चाललं होतं, आणि ते हिरावणारी वस्तू नेमकी भाकरी होती. मला फार वाईट वाटलं. दुपारच्या आमच्या चोरट्या भाकऱ्यांचंही वाईट वाटलं, पण तितकंसं नाही. त्या फार चवदार होत्या.

पुढच्या महिन्यात पहिला रविवार आला. दादांनी सवयीनं शर्टाला इस्त्री केली आणि मग शर्ट परत खुंटीला टांगला. आईनं हट्ट धरला म्हणून आम्ही पंचवटीत दुसऱ्या एका हॉटेलात गेलो. तिथल्या पुऱ्या गार आणि वातड होत्या आणि पोऱ्यानं पाण्याचे पेले आपटून ठेवले. तिथं कुणी आमची जात विचारली नाही, तसं कुणी काहीच विचारलं नाही. दादांनी पुरीत बोट टेकवलं. वाफ निघाली नाही. येताना बसमध्ये आई पुढच्या रविवारबद्दल काही बोलली नाही.

शाळेतून येताना मला तो बोळ लागायचा. एका दुपारी मी सहज डोकावले. सातपूरच्या कारखान्यांतली पाचसहा खानदेशी पोरं कोपऱ्यात भाकरी कुस्करून खात होती, बाकी टेबलं रिकामी. शेठ गल्ल्यावर हातावर हात ठेवून बसले होते. सुनेनं मला आतून पाहिलं आणि पिठाच्या हातांनी दारात आली. “ताई, तुमना बाबा येतस नही आते. काय व्हयनं?” तिच्या कपाळावर पीठ लागलं होतं आणि डोळ्यांखाली जागरण दिसत होतं. माझा तिच्यावरचा राग तिथंच ओसरला. मी तिला सगळं सांगणं शक्य नव्हतं. मी एवढंच म्हटलं, “दादा भाकरी खात नाहीत, वहिनी. कधीच नाही.” ती जरा वेळ हातावरचं पीठ चोळत उभी राहिली. मग म्हणाली, “कशी खातस नही? गरम भाकर शे!” तिला खरंच कळत नव्हतं की गरम भाकरीला नाही म्हणणारा माणूस जगात असू शकतो.

त्यानंतरच्या एका रविवारी दुपारी दादा विहारात बैठकीला गेले होते. ते संध्याकाळशिवाय येणार नाहीत या भरवशावर आईनं तवा चढवला. वांग्याचा रस्सा झाला होता, दोन भाकऱ्या उतरल्या होत्या आणि तिसरी हातावर होती, तेवढ्यात दारात शेठ.

ते आमच्या घरी कधीच आले नव्हते. वसाहतीत विचारत विचारत आले असावेत, घामानं निथळत होते, दाराच्या चौकटीला धरून उभे. आईच्या तोंडचं पाणी पळालं. मी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. ते पाणी घटाघटा प्यायले आणि नाक वर करून म्हणाले, “बाजरीची आहे.”

आई गडबडली. “तुम्ही बसा, मी दोन पोळ्या टाकते.”

“पोळ्या कशाला? आहे ते वाढा. डॉक्टरनं पोट अर्धं ठेवायला सांगितलंय, म्हणून दिवसभर भूक लागलेली असते.”

आणि ते खुर्चीवरून उठून सरळ खाली मांडी घालून बसले. आईला वाढावंच लागलं. ते जेवत होते आणि मध्ये मध्ये त्यांच्या रागीट आवाजात रश्श्याची तारीफ करत होते. “तीळ घातलेत का? सुनेला सांगतो.” आईचा पदर डोक्यावरून दोनदा घसरला आणि तिनं तो दोनदा सावरला. पण तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. आयुष्यभर हॉटेल चालवलेला माणूस तिच्या हातचं चाटूनपुसून खात होता.

एवढ्यात बाहेर चपलांचा आवाज आला. पॉलिश केलेल्या चपला ओळखू येतात. बैठक लवकर संपली होती.

दादा दारात आले आणि तिथंच थांबले. खाली मांडी घातलेले शेठ, त्यांच्या ताटात भाकरी, चुलीपुढं आई, हातावर अर्धी थापलेली भाकरी. मला वाटलं, आता काही खरं नाही. तव्यावर टाकायची भाकरी आईच्या हातावर तशीच राहिली.

शेठच बोलले. “या भाऊसाहेब. तुमच्याकडंच आलो. सून म्हणाली, तुम्ही भाकरी खात नाही. मला इतक्या वर्षांत माहीत नाही, कारण मी भाकरी कधी ठेवलीच नव्हती. तर असं करू. पहिल्या रविवारी तुमच्यापुरत्या पुऱ्या मी तळतो. डॉक्टरला मारा गोळी. तुमच्या तिघांच्या पुऱ्या वेगळ्या काढायला काय लागतं?”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. छातीत कळ आलेला तो म्हातारा आमच्यासाठी कढईपुढं उभा राहायला निघाला होता. मला वाटलं, आता दादा विरघळतील, सगळं पूर्वीसारखं होईल.

दादा आत आले. शेठच्या समोर खाली बसले. शांतपणे म्हणाले, “शेठ, मी पहिल्यांदा तुमच्याकडं आलो तेव्हा माझ्यासाठी वेगळं काय काढलं होतं?”

“वेगळं? काही नाही. काय काढायचं?”

“कप?”

“नाही.”

“बशी?”

“नाही हो.”

“मग आता कशाला काढता?”

शेठनी हातातला पेला खाली ठेवला. दादा पुढं म्हणाले, “तुमच्याकडं सगळ्यांना मिळतं ते मला मिळतं, म्हणून मी येतो. ज्या दिवशी माझं वेगळं निघंल, त्या दिवशी मी ती पायरी चढायचा नाही. मग ती पुरी असली तरी.”

बोलून झालं आणि दादा स्वतःच जरा चकित झाल्यासारखे दिसले. मी शाळेत पोरांना गणित घालते आणि उत्तर फळ्यावर अचानक समोर येतं तेव्हा पोरं दिसतात तसे. आपण काय बोललो, त्यातून पुढं काय निघतं, ते त्यांना बोलून झाल्यावर दिसलं. सगळ्यांना जे मिळतं ते आता भाकरी होतं.

शेठ खाली मान घालून ताटाकडं बघत होते. ताटात रस्सा उरला होता, भाकरी संपली होती. हॉटेलवाल्या माणसाला असा रस्सा टाकवत नाही. ते हळूच म्हणाले, “वहिनी, अर्धी भाकरी द्या अजून.”

आई उठायला लागली. दादांनी हात करून तिला थांबवलं. तिच्या हातावरची भाकरी तव्यावर टाकायला सांगितली आणि ती फुगेपर्यंत चुलीजवळ उभे राहिले. मग तव्यावरून भाकरी उचलून, या हातातून त्या हातात झेलत ती घेऊन आले आणि शेठच्या ताटात ठेवली. “अर्धी नाही. पूर्ण घ्या. ऊन आहे.”

आमच्या दारी येऊन कुणीतरी भाकरी मागत होतं आणि दादा ती ऊनऊन वाढत होते. वाढून झाल्यावर ते आपल्या भाजलेल्या तळहाताकडं बघत राहिले. मला त्या वेळी दादांचा इतका अभिमान वाटला की मी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले.

“तुम्हीही बसा की,” शेठ म्हणाले.

“रविवारी,” दादा म्हणाले. “तिथं. सगळ्यांबरोबर.”

शेठ गेल्यावर आई जीव मुठीत धरून तवा उचलायला लागली. दादा ओट्यावरून म्हणाले, “राहू दे. आणि दुपारच्या खिडक्या उघडत जाऊ नका, डास येतात.” आईनं माझ्याकडं पाहिलं. “दहा वर्षं मला काय नाक नव्हतं?” दादा म्हणाले, आणि इतक्या महिन्यांनी प्रथमच हसले. एवढी वर्षं ठाऊक असून त्यांनी आमचं राज्य चालू दिलं होतं. आईनं तवा चुलीवरच ठेवला आणि आमच्या दोघींसाठी उरलेल्या पिठाच्या भाकऱ्या पहिल्यांदाच घाई न करता थापल्या.

पहिला रविवार आला. कोळशाची इस्त्री, पांढरा शर्ट, चपला. बसमध्ये दादा खिडकीतून बाहेर बघत होते. ठरवणं वेगळं आणि घास तोंडात घालणं वेगळं.

हॉटेलात शिरलो आणि मी पाहतच राहिले. निम्म्याहून जास्त टेबलं भरलेली. सातपूरची पोरं आता आपली बायकापोरं घेऊन आली होती. आरशाखाली गुरुजी भरीत खात होते, मीठ कमी पडल्याची तक्रार करत करत दुसऱ्यांदा मागत होते. बागाईतदारही होता. त्याचं गाठोडं टेबलाखाली होतं आणि तोंड भरलेलं होतं. मला बघून म्हणाला, “घरच्या भाकरीसंगं ही अशी लाल तर्री नस्ती ना मिळत.” पुरी हवी असलेली ती बाई मात्र दिसली नाही. तिची मला आजही आठवण येते. तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं.

पंख्याखालचं टेबल रिकामं होतं. शेठनी गल्ल्यावरून आत हाक मारली. आवाज बारीक झाला होता पण राग तसाच होता. “पंख्याखाली तीन भाकरी!”

सून स्वतः घेऊन आली. सगळ्यांची तीच बशी, तोच पेला. “गरम शे बाबा,” म्हणाली आणि आत पळाली, तव्यावर दुसरी होती.

दादांनी भाकरी पाहिली. पूर्ण, गोल, कडेपासून कडेपर्यंत एकाच रंगाची. त्यांनी तिच्या फुगलेल्या पापुद्र्यावर मधोमध बोट टेकवलं आणि फुस्सकन वाफ निघाली. त्यांनी आईकडं बघितलं. आई हसली नाही. त्यांनी तुकडा मोडला, तर्रीत बुडवला आणि खाल्ला. तिखटानं की कशानं, त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते त्यांनी पुसलं नाही. खात राहिले. आम्ही दोघी आपापलं ताट विसरून त्यांच्याकडं बघत होतो. खाली मान घालून त्यांनी ती भाकरी संपवली, शेवटच्या तुकड्यानं वाटी पुसली आणि म्हणाले, “ऊन भाकर अशी असती होय.”

मग त्यांनी मान वर केली. सगळ्या गोंगाटाच्या वरून, दार ओलांडून आतपर्यंत जाईल अशा आवाजात त्यांनी हाक दिली, “सूनबाई, भाकर वाढा अजून!”

मी दचकून इकडंतिकडं पाहिलं. कुणीही मान वळवली नव्हती. तिथं सगळेच भाकरी मागत होते.

“आनस बाबा,” आतून आवाज आला, “तव्यावर शे.”